आगवाल्याची पदकं

'डनलिन' बोट, अलेक्झांड्रिया बंदर
२३ जुलै १८८२

ती. केझियाताईस,
स. न. वि. वि.

मी जिवंत आहे आणि हातपाय जागच्या जागी आहेत, एवढं आधी वाच आणि मग निवांत खुर्चीत बस. अकरा तारखेला आम्ही इथल्या किल्ल्यांवर तोफा डागल्या हे वर्तमानपत्रातून तुम्हाला कळलंच असेल. बाबांनी तुला आत्तापर्यंत चॅपलच्या शाळेतून नकाशा आणायला पिटाळलंही असेल.

आता तू विचारणार की लढाई कशी दिसली. ताई, काहीच दिसलं नाही. पहिली तोफ सुटायच्या आधीच आम्हा आगवाल्यांना भट्टीखान्यात उतरवलं, वरची झाकणं लावली आणि मधली लोखंडी दारं बाहेरून बंद केली. गोळा लागून पाणी शिरलंच तर ते एकाच खोलीत राहावं, म्हणजे बोट वाचते. माझा जोडीदार टोबायस क्विक याने विचारलं की मग त्या खोलीतल्या माणसांनी काय करायचं. तर इंजिनेरसाहेब म्हणाले की माणसांनी कोळसा टाकत राहायचं. म्हणून टाकत राहिलो. तोफ सुटली की सगळी बोट कण्हायची आणि छतावरची काजळी आमच्या डोक्यांवर पडायची. आपली तोफ कुठली आणि त्यांची कुठली, हेही कळत नव्हतं. दारं उघडली तेव्हा सगळं संपलेलं होतं, नुसता धूर उरला होता. एक खलाशी मला हळहळत म्हणाला की काय गंमत हुकली रे तुझी!

म्हणतात की सगळ्यांना पदक मिळणार, आगवाल्यांनासुद्धा. टोबायस म्हणतो की आमच्या पदकावर राणीसाहेबांच्या जागी फावडं काढायला हवं.

बाबांना यातलं काही वाचून दाखवू नकोस. झेंडा, किल्ला, तोफ असं काहीतरी रचून सांग. ते तुला जमतं. लहानपणी स्वतः मटणाची पेस्टी खाऊन मांजरावर आळ कोण घ्यायचं?

एक गोष्ट मनातली लिहितो, हसू नकोस. खाण सोडून मी आरमारात आलो तो डोक्यावर आभाळ असावं म्हणून. डेव्हनपोर्टच्या भरतीवाल्याने माझ्याकडे पाहिलं, खांदे दाबून बघितले आणि लिहून टाकलं, आगवाला. दहा वर्षांच्या करारावर सही करून मी पुन्हा जमिनीखालीच गेलो, फरक एवढाच की ही जमीन हलते.

बाबांना नमस्कार. तुझी माया पेटती ठेव, इकडे तिचीच ऊब हवीशी वाटते.

तुझा,
एनॉक


बॉसवॅरिन, कॉर्नवॉल
१ ऑक्टोबर १८८२

चि. एनॉक यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. आधी बसले, मग वाचलं, मग रडले. तुझ्या सूचनेत रडणं नव्हतं, पण तेवढं मी पदरचं घातलं.

बाबांना सांगितलं की तू झेंड्याच्या काठीशेजारी उभा होतास. त्यांनी विचारलं की धूर कोणत्या रंगाचा होता. मी म्हटलं, पिवळा. ते माझ्याकडे बघून म्हणाले की असेल. त्यांची छाती आणखी खालावली आहे. खाणीची धूळ आता खाणीत नाही, सगळी त्यांच्या छातीत आहे. पलंगापासून खिडकीपर्यंत जातानाही मध्ये टेकावं लागतं. मी कुठे शेजारी जरी गेले तरी काठी आपटून हाक मारतात.

पण गेल्या महिन्यात त्यांचा चेहरा पाहायला हवा होतास. त्या वर्षी खाणीत छत कोसळलं, बाबांनी तुला दगडांतून ओढून काढलं आणि दुसऱ्या दिवशी तू शिडीच्या अर्ध्यावरून परत वर आलास. तेव्हापासून बाबांचा खाणसोबती मॅथी रॉस्कॉर्ला तुला काय म्हणायचा ते तुला माहीत आहे. बाबाही तू निघेपर्यंत तुझ्याशी बोलले नाहीत. तोच मॅथी आता आमच्या खिडकीखालून जाताना टोपी काढतो. बाबा टोपी घालत नाहीत, तरी डोक्याला हात लावतात.

वर्तमानपत्र जॉरी बोलिथो वाचून दाखवतो. माशांची पिंपं बनवतो तो जॉरी, तुला आठवेल, चॅपलमध्ये बेसूर गायचा. अजूनही बेसूरच गातो. शनिवारी येतो, बाबांना वाचून दाखवतो, आपण होऊन लाकडं फोडून देतो. जॉरी म्हणतो की आगवाला नसेल तर बोट म्हणजे नुसतं मोठं पिंप. मला ते पटलं.

केशर घातलेला पाव धाडते आहे. तो वाळून दगड होईल, पण तुझे दात तरुण आहेत. देव तुझ्यापाशी असो आणि तुझं मन आमच्यापाशी.

तुझी,
केझिया


'डनलिन', सुआकिन बंदराबाहेर, सुदान
३० मार्च १८८४

ती. ताईस,
स. न. वि. वि.

तुझ्या एकेका पत्रात जॉरीचं नाव इतक्यांदा? पुढच्या पत्रात माझंही एकदा येऊ दे.

सोबत दोन पदकं धाडतो आहे. चांदीचं आपल्या सरकारचं, निळ्यापांढऱ्या फितीचं. पितळेसारखा दिसणारा तारा इजिप्तच्या खेदिवाने, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याने दिला. चांदीच्या पदकावर वर जी पट्टी आहे तिच्यावर अलेक्झांड्रिया कोरलंय. आता सुआकिनचीही एक पट्टी मिळणार म्हणतात. आपले लोक किनाऱ्यावर उतरून वाळवंटात लढले. मी सुआकिन पाहिलंय ते कोळशाच्या होडीवरून, लांबून. पांढरी घरं आहेत.

आता दुसरं. टोबायस गेला.

बॉयलरची एक नळी फुटली. मी मागच्या कोठीतून कोळसा पुढे ओढत होतो आणि तो भट्टीसमोर होता. वाफ सुटली की बाहेरून दार लावायचं असा हुकूम आहे, तो कोणीतरी पाळला. कोठीच्या तोंडाशी कोळशाचा ढीग होता, म्हणून माझ्यापर्यंत वाफ फारशी आली नाही. अंधारात बसून राहिलो. टोबायस फावड्याने दार ठोकत होता ते ऐकू येत होतं. काही वेळाने ऐकू येईनासं झालं. मग वाफ निवल्यावर दार उघडलं.

ज्याने दार लावलं त्याने बरोबरच केलं, असं सगळे म्हणतात. मीही तसंच म्हणतो. त्याने मला विचारलं की तू माझ्यावर रागावलास का. मी म्हटलं, नाही. तो रडायला लागला आणि मला त्याचं काय करावं ते समजेना.

आता बरा आहे. खाली जातो. जाताना आधी दाराकडे बघतो, एवढंच. बाबांना टोबायसचं सांगू नकोस, पदकांचं सांग.

तिकडचा लोभ इकडे पोचतो, तो धाडत राहा.

तुझा,
एनॉक


बॉसवॅरिन
१८ मे १८८४

चि. एनॉकला,
अ. उ. आ.

टोबायससाठी मी चॅपलमध्ये प्रार्थना केली. कोणासाठी ते कोणाला सांगितलं नाही. त्याची आई आहे का रे? असेल तर गाव कळव, मी तिला लिहीन.

पदकं आली त्या दिवशी बाबांनी दाढी करून घेतली. ती टांगायला घड्याळाखाली खिळा ठोकून घेतला. चॅपलच्या चहाला मला ती थाळीत ठेवून न्यायला लावली. बायका फितीला हात लावून बघत होत्या. मॅथीच्या बायकोने विचारलं की सोन्याचं नाही मिळालं का. मी म्हटलं की सोन्याचं मागितलं होतं, पण एनॉक नको म्हणाला, जड होतं.

तुझी अक्षरं उतरणीला लागली आहेत. पूर्वी ओळ सरळ जायची, आता कोपऱ्याकडे घसरते. बरा आहेस असं लिहितोस, पण बरा माणूस ते मुद्दाम लिहीत नाही. मला खरं लिही.

इकडची बातमी म्हणजे पोल्डीन खाण बंद पडली आणि आणखी घरं रिकामी झाली. सगळे दक्षिण ऑस्ट्रेलियात मूंटाला निघालेत. तिथे तांब्याच्या खाणी आहेत, गल्लीगल्लीत आपलेच लोक, चॅपलसुद्धा आपलंच. जॉरीही भावाबरोबर ऑगस्टात निघणार आहे. परवा त्याने मला काही विचारलं. मी हसले आणि त्याला चहा दिला. बाबा खिडकीत होते.

असो. शनिवारी वर्तमानपत्र मग मीच वाचीन. माझा आवाज निदान सुरात आहे.

तब्येतीला जप. आमच्या आशीर्वादावर फार विसंबू नकोस, चार घासही वेळेवर खा.

तुझी,
केझिया


माल्टा
१४ सप्टेंबर १८८४

ती. ताईस,
स. न. वि. वि.

खरं लिही म्हणालीस, म्हणून लिहितो.

जुलैत एका सकाळी पाळीला निघालो आणि शिडीच्या वरच्या पायरीवर थांबलो. पाय उचलेना. मागून लोक ढकलत होते, शिव्या देत होते. मी पायाला सांगत होतो की चल, आणि तो माझा नसल्यासारखा नुसता होता. इंजिनेरसाहेबांनी हुकूम केला. मी म्हटलं की साहेब, मला डेकवर कसलंही काम द्या, संडास धुवायला लावा. ते म्हणाले की आगवाल्याला निवड नसते. वाईट माणूस नाही तो. त्यांनी मला डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टरने छाती ठोकली, जीभ पाहिली आणि लिहिलं की हा बैलासारखा धडधाकट आहे.

मग बाहीवरची चांगल्या वर्तणुकीची पट्टी सगळ्यांसमोर उसवून घेतली आणि मला इथल्या लष्करी कोठडीत टाकलं. ताई, त्या कोठडीत उंचावर एक झरोका होता. त्यातून आभाळाचा तुकडा दिसायचा, कधी पक्षी जायचा. मला तिथे झोप लागली. सुआकिननंतर पहिल्यांदा धड झोपलो. सोडायला आले तेव्हा मी शिपायाला विचारलं की अजून थोडे दिवस राहू का. त्याला वाटलं, थट्टा करतोय.

आता परत बोटीवर आहे आणि परत खाली जातो. दोघं जण धरून उतरवतात, एकदा उतरलो की काम करतो. करार संपायला १८८९ उजाडेल. तोवर मी राहणार नाही. म्हणजे माझं शरीर राहील, बैलासारखं.

'डनलिन'ला ऑस्ट्रेलियाचा हुकूम आला आहे. वाटेत ॲडलेडला थांबणार. मी तिथे उतरेन आणि परत चढणार नाही.

त्याचा अर्थ तुला कळावा म्हणून लिहितो. नावापुढे पळपुटा असा शेरा पडतो. पदकं रद्द होतात, ती परत मागवतात. इंग्लंडच्या किनाऱ्यावर पाय ठेवला तर तुरुंग. तुला आणि बाबांना मी पुन्हा दिसणार नाही. मॅथी रॉस्कॉर्ला म्हणायचा ते खरं ठरेल.

बाबांना यातलं एक अक्षर कळू देऊ नकोस. मला रागावून लिहिलंस तरी चालेल, पण लिही. पत्र बोटीच्या नावाने ॲडलेडला धाड.

एनॉक


बॉसवॅरिन
१२ ऑक्टोबर १८८४

चि. एनॉक,
अ. उ. आ.

रागावूनच लिहिते आहे.

तू मोजत बसला नसशील, पण मी तुझ्या १८८९ वर डोळे लावून बसले होते. तू येशील, बाबांपाशी राहशील, आणि मग मी. जॉरीने मला चल म्हटलं होतं. लग्न करून, बोटीने, मूंटाला. मी हसून चहा दिला असं तुला लिहिलं ते अर्धं होतं. चहा दिल्यावर मी मागच्या परसात जाऊन कोबीच्या वाफ्यात उभी राहिले, तो जाईपर्यंत. नंतर त्याला म्हटलं की बाबांना टाकून कशी येऊ? तो म्हणाला की मग मी थांबतो. मी म्हटलं, जा. तो गेला. तुझं दार लोखंडाचं आहे म्हणून तुला दिसतं. माझं साधं लाकडाचं आहे, दिवसभर उघडं असतं, आणि मला त्यातून बाहेर पडता येत नाही.

तू पळालास तर मला आशा नाही. हे तुला माहीत असायला हवं म्हणून लिहिलं. थांब असं म्हणत नाही. पळ असंही म्हणत नाही. ते माझ्याकडून घेऊ नकोस.

आता बाबांचं. तुझं पत्र आल्याचं त्यांनी पाहिलं आणि वाचून दाखव म्हणाले. मी नेहमीसारखी रचायला लागले. माल्टाचं हवामान, संत्री, बँडचा बाजा. त्यांनी काठी आपटली आणि म्हणाले की पुरे झालं. म्हणाले की दोन वर्षं ऐकतोय, भट्टीत असलेल्या माणसाला धुराचा रंग कुठून दिसणार? मी जन्मभर जमिनीखाली होतो, वर काय चाललंय ते खालच्याला कळत नाही एवढं मला समजतं. तू इतक्या हौसेने सांगत होतीस म्हणून गप्प बसलो. आता काय लिहिलंय ते वाच.

मी वाचलं. सगळं. टोबायसचंही सांगितलं.

दोन दिवस ते जेवले नाहीत. मी समजले की आता संपलं. आज सकाळी म्हणाले की कागद घे. पुढचं त्यांचं आहे, त्यांच्या शब्दांत.

एनॉक. तुझ्या बहिणीने वाचलं. खिळ्यावर पदक टांगता येतं, पोरगा टांगता येत नाही. न्यायला आले तर मी देईन. दार उघडं दिसलं तर निघ. मागे बघू नकोस, वेळ जातो. मला श्वास पुरत नाही म्हणून थांबतो. बाबा.

लिहून झाल्यावर त्यांनी कागद हातात घेतला. त्यांना वाचता येत नाही, तरी बराच वेळ धरून बसले.

ओढ आहे म्हणून राग आहे, एवढं समजून घे.

केझिया


मूंटा, दक्षिण ऑस्ट्रेलिया
१ मार्च १८८५

ती. ताईस,
स. न. वि. वि.

पाकिटावर नाव जॉरीचं आहे, आत मी आहे. इथे मला दुसऱ्या नावाने ओळखतात, ते लिहीत नाही. पळालेल्यांना पकडून देणाऱ्याला बक्षीस मिळतं.

तुझं पत्र मला बोटीवरच मिळालं, ॲडलेडला नांगर टाकला त्या दिवशी. मी ते वाचलं आणि नंतर पळालो. आधी नाही. म्हणजे मला माहीत नव्हतं असं कधीही म्हणता येणार नाही. तुझं दार मी लावलं, आतून तुझा आवाज ऐकू येत असताना लावलं. टोबायसच्या वेळी ज्याने लावलं त्याला मी म्हटलं होतं की रागावलो नाही. तू मला तसं म्हणावंस अशी अपेक्षा नाही.

पळालो म्हणजे चाललो. सुट्टीवर उतरलो, सगळे गुत्त्याकडे वळले, मी दुसरीकडे वळलो आणि चालत राहिलो. कोणी हाक मारली नाही. किती सोपं होतं ते, याचंच वाईट वाटलं.

इथे खाणीत सहज काम मिळतं, आपल्या लोकांना हातोहात घेतात. मुकादम म्हणाला की कॉर्नवॉलचा आणि खाली जात नाही, असा पहिलाच बघतोय. मी म्हटलं, असतात एखादे. आता पाण्याची गाडी हाकतो. पाऊस नाही, उन्हाने कातडी सोलते, माश्या डोळ्यांत शिरतात. पण दिवसभर वर आभाळ असतं. जॉरीच्या खोपटात झोपतो, दाराला फळी लावू देत नाही. तो कुरकुरतो की रात्रभर कुत्री आत येतात.

जॉरीने लग्न केलेलं नाही. मी त्याला सगळं सांगितलं. तो चिडून मला मारील असं वाटलं होतं. त्याने हातातलं पिंप पुरं ठोकलं. मग म्हणाला की केझियाला लिही, मी इथेच आहे, तिला कळव की थांबणं मला जड जात नाही. मी जसंच्या तसं लिहिलं.

बाबांचे शब्द मला पाठ आहेत. त्यांना माझा नमस्कार सांग. माफी वगैरे मागायची म्हणजे कुठून सुरुवात करावी ते समजत नाही. माझ्यावर जेवढी माया उरली असेल तेवढी पुरे.

तुझा,
एनॉक


बॉसवॅरिन
७ जून १८८५

चि. एनॉक यास,
अ. उ. आ.

तू जिवंत आहेस हे वाचून मी पुन्हा खुर्चीत बसले. राग अजून आहे. तो जाईल की नाही ते माहीत नाही, तू त्याची वाट बघू नकोस.

तुझ्या पत्राआधीच सरकारी कागद आला होता. फाल्मथहून एक शिपाई आला, तुझी चौकशी करायला आणि पदकं न्यायला. तरुण होता, ओशाळल्यासारखा उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. बाबांनी त्याला आत बोलावून बसवलं, मला पदकं काढायला लावली, फीत स्वतः सरळ केली आणि त्याच्या हातात दिली. म्हणाले की नीट ने, हिने रोज पुसून लख्ख ठेवली आहेत. तू कुठे आहेस असं विचारल्यावर बाबा म्हणाले की बाहेर आहे.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. रविवारी चॅपलमध्ये मॅथी रॉस्कॉर्ला आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायला उभा राहिला आणि नाव न घेता बोलला की काही माणसं शिडीच्या अर्ध्यावरून परततात, जमिनीवर काय आणि पाण्यावर काय.

बाबा त्या दिवशी हट्टाने आले होते. माझ्या खांद्यावर भार टाकून, प्रत्येक कुंपणाशी थांबत. ते उठले. एक वाक्य, मग श्वास, मग दुसरं वाक्य, असं बोलले. म्हणाले की मॅथी, तू आणि मी एका खाणीत होतो. छत कोसळलं की आपण काय करायचो? आतल्या माणसांपर्यंत खणत जायचो. नखांनी खणायचो. तू माझ्यासाठी खणलंस, मी तुझ्या भावासाठी खणलं. माझा पोरगा होता तिथे बाहेरून दार लावून घेतात. आतला ठोकत असतो आणि बाहेरचे ऐकत उभे असतात. तो हुकूम आहे. माझा पोरगा त्या दारातून रोज आत जात होता. तुमच्यातलं कोण गेलं असतं ते सांगा.

बाबांना आणखी बोलायचं होतं, पण छातीने साथ दिली नाही. ते बसले. पूर्वी त्यांनी स्वतः तुझ्याशी अबोला धरला होता, त्याचा उल्लेख त्यांनी केला नाही. मीही वाट पाहिली नाही. मग कोणीतरी भजन सुरू केलं. बाहेर आलो तर मॅथी त्याची गाढवगाडी घेऊन फाटकाशी उभा होता. बाबांना उचलून गाडीत बसवलं आणि घरापर्यंत लगाम धरून चालत आला.

त्या श्रमाने बाबा अंथरुणाला खिळले आहेत. आता खिडकीपर्यंतही जात नाहीत. डॉक्टर म्हणतात की असे आणखी पुष्कळ दिवस काढतील, किंवा नाही. मी दिवसभर त्यांच्याजवळ असते. त्यांनी तुझं पत्र तीनतीनदा वाचायला लावलं आणि दर वेळी पाण्याच्या गाडीपाशी थांबवलं. बैल आहेत की घोडा, असं विचारतात. तू ते लिहिलं नाहीस. मी रचलं नाही, विचारून कळवीन म्हटलं. तेव्हा सवडीने कळव, पण लवकर कळव.

आता जॉरीचं. हा कागद घेतला तो खरं म्हणजे एवढ्यासाठीच. त्याला सांग की थांबू नकोस, तिकडची एखादी चांगली मुलगी बघ, असं लिहायला बसले होते. तेच योग्य आहे हे मला कळतं. पान भरत आलं, बाबा काठी आपटताहेत, आणि ते वाक्य मी अजून लिहिलेलं नाही.

ते मी लिहीत नाही.

तुझी,
केझिया